पाहुणीला शिकवलेला खिसा

परवा टीव्हीवर एक गृहस्थ सांगत होते, काम जिथं स्वस्तात होतं तिथं जाणारच; पाणी उताराकडं जातं तसं. त्यात कुणाचा दोष नसतो म्हणे. मी ब्लाऊजला हुक लावत बसले होते. उठून टीव्ही बंद केला. नवरा म्हणाला, "ऐकू दे की." म्हटलं, "न्हाय ऐकायचं." पाणी आपोआप वाहतं, मान्य. आमचं काम आपोआप गेलं नाही. ते माणसांनी नेलं, बैठका घेऊन नेलं, आणि ते कसं करायचं हे नेण्याआधी आमच्याच हातांकडून शिकून घेतलं. वर आमचे फोटोही काढले.

कागलच्या एमायडीसीत आमचा कपड्यांचा कारखाना होता. परदेशातल्या दुकानांसाठी आम्ही पुरुषांच्या पँटी शिवायचो. सकाळी कोल्हापुरातून कंपनीची बस निघायची, आम्ही बायका मांडीवर डबे घेऊन बसायचो, आणि कागल येईपर्यंत अर्ध्या जणी पुन्हा झोपलेल्या असायच्या. पँट घालणाऱ्याला वाटतं, ती एका शिंप्यानं शिवली. छे! एकीनं चेन लावायची, दुसरीनं खिसा, तिसरीनं कमरेची पट्टी. पीस एका मशीनवरून पुढच्या मशीनवर सरकत जायचा. त्या रांगेला आम्ही लाईन म्हणायचो. मी कमरपट्टीवर होते. माझ्या आधी खिशावर बसायची ती माझी मैत्रीण. चंदगडकडची, म्हणून लाईनीत सगळ्या तिला चंदगडीच म्हणायच्या.

तिचा खिसा म्हणजे पँटीच्या मागचा, कापडाला चीर देऊन आत बसवायचा. कात्री दोराभर जास्त गेली की अख्खी पँट वाया. नव्या पोरी त्या मशीनवर बसायला घाबरायच्या. चंदगडी मात्र बोलत बोलत खिसे लावायची, आणि बोलणं एकच असायचं: माझी पोरगी.

तिच्या नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं. ती मुलीला घेऊन भावाकडे राहिली, मग मुलीला तिथंच ठेवून कामासाठी एकटी कागलला आली. भावजय वाईट नव्हती. पण जेवताना पोरीला दुसरी भाकरी मागायचा धीर होत नाही, हे चंदगडीला एका दिवाळीत दिसलं, आणि तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला, की पोरीला आपल्याजवळ आणायचं. मी तिची थट्टा करायचे, "अगं, जप कर म्हटलं तरी माणूस इतका करत न्हाय." ती म्हणायची, "बघ तू, आणतोच मी तिला." आणि आणलं. पत्र्याची का असेना, एक खोली भाड्यानं घेतली आणि जूनमध्ये पोरीचं नाव कागलच्या शाळेत आठवीत घातलं. पहिल्या रविवारी मी भेटायला गेले तर पोरगी सतरंजीवर पालथी पडून पाय हलवत होती. मला म्हणाली, "मावशी, हितं मी पायजे तवा झोपतो." चंदगडी स्टोव्हकडं तोंड करून उभी होती. ती रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही.

त्याच पावसाळ्यात पाहुण्या आल्या. आफ्रिकेतल्या एका देशातून तीन बायका. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या कुणावर माझा राग नाही. आमच्याच कंपनीचा तिकडं नवा कारखाना निघाला होता आणि या तिघी शिकायला आल्या होत्या. मॅनेजरनं आम्हाला उभं करून सांगितलं, कंपनी वाढते आहे, म्हणजे तुम्हीही वाढणार. चंदगडीच्या आणि माझ्या छातीवर 'मास्टर ट्रेनर' लिहिलेले बिल्ले लावले. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिकडून पाठवलेल्या मालावर माल विकला जातो त्या देशाचा कर लागत नाही, आमच्या इथून पाठवलेल्यावर लागतो, आणि तिकडच्या बायकांची मजुरी आमच्याहूनही कमी, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कळवणार कोण? ज्यांना माहीत होतं ते बिल्ले वाटत होते.

खिसा शिकायला जी बसली ती चंदगडीच्याच वयाची. तिचं नाव आमच्या जिभेला वळेना, म्हणून तिला आम्ही पावणी म्हणायला लागलो. बोलायला भाषा नाही. चंदगडी तिचा हात हातात धरून कापडावर ठेवायची, एवढा दाब, एवढा नाही. चुकलं की चापटी मारायची, जमलं की गालावरनं बोटं मोडायची. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की पावणी चंदगडीच्या डब्यातली नाचणीची भाकरी खायची. हे आमच्याकडंही पिकतं, असं तिनं फोनवर शेताचा फोटो दाखवून सांगितलं. मग एका दुपारी तिनं दुसरा फोटो दाखवला. सात-आठ वर्षांची मुलगी, मागं एक म्हातारी. मुलगी गावाकडं आजीजवळ, आई शहरात कामाला. चंदगडी मला म्हणाली, "हिचं बी माझ्यावानीच की गं." त्या दिवसापासून ती पावणीला जीव तोडून शिकवायला लागली.

त्या परत जायला निघाल्या तेव्हा आम्ही त्यांच्या ओट्या भरल्या. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. घरी आलेली पाहुणी रिकाम्या पदरानं जात नाही, एवढंच आम्हाला माहीत. पण त्यांना पदर कुठला? मग आमच्याच ओढण्या त्यांच्या खांद्यावर टाकल्या आणि त्यात तांदूळ, नारळ, खण घातला. चंदगडीला गावात हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे, टाकलेली म्हणून. इथं तिनं सगळ्यांत आधी कुंकू लावलं. मॅनेजरनं फोनवर फोटो काढले, साहेबांना पाठवले, आणि त्यातला एक मोठा करून गेटजवळ लावला. आमचं काम आमच्या हातानं ओटीत घालून दिलं, आणि तो मागं उभा राहून म्हणत होता, "हसा की जरा." आजही आठवलं की अंगाचा भडका उडतो.

दिवाळीनंतर शेजारची लाईन बंद झाली. मग तिच्या पलीकडची. आमच्या लाईनीवर उरलेला माल तेवढा संपवायचा होता. कमी केलेल्या बायकांना जे कागद दिले त्यांच्यावर नावापुढं लिहिलं होतं 'अकुशल'. मला तो शब्द अजून पचत नाही. पावसाळ्यात आम्ही मास्टर ट्रेनर होतो आणि थंडीत अकुशल झालो. दोनचार महिन्यांत आमच्या बोटांतलं सगळं गळून पडलं की काय? गरज सरो, वैद्य मरो, असं आपण उगाच म्हणत नाही. इथं वैद्याला तो वैद्य नव्हताच, असं लिहूनही दिलं.

आणि मग एका सकाळी मॅनेजरनं चंदगडीला ऑफिसात बोलावलं. ती म्हणाली, "तू बी चल की संगं." म्हणून मी गेले. दाराशी आमचा सुपरवायझर उभा होता. इथलाच माणूस, त्याचीही नोकरी जाणार होती. त्यानं हळूच सांगितलं, "तिकडचं खिसं फेल गेल्यात. चुण्या पडत्यात. सगळा माल परत आलाय. ह्या महिन्यात जमलं न्हाय तर ही लाईन हितंच ठेवायचं वर चाललंय." मग चंदगडीकडं बघून म्हणाला, "जरा दमानं सांगा, वैनी." याहून उघड कुणी काय सांगणार? मी तिच्या दंडाला चिमटा काढला. तिनं मान हलवली. तिला कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते.

आत मॅनेजरनं टेबलावर फोन उभा केला. पलीकडं पावणी होती. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. चंदगडी दिसताच तिला हसू फुटलं आणि तेवढ्यात ते पुसलं गेलं, कारण मागं एक माणूस उभा होता आणि तो तिच्या मानेजवळ वाकून ओरडत होता. भाषा कळली नाही. ओरडणं कळायला भाषा लागत नाही. पावणीनं एक खिसा लावून दाखवला आणि पँट कॅमेऱ्यासमोर धरली. खिशाच्या दोन्ही टोकांना कापड गोळा झालं होतं.

चंदगडीनं एकदाच पाहिलं. इथलं कापड जाड असायचं, तिकडं पातळ आलं होतं. आणि पावणी तिला शिकवल्याप्रमाणंच डाव्या हातानं कापड ओढून धरत होती. एवढंच. मलाही दिसलं. मी मनात म्हटलं, गप्प बस बाई, नुसतं कळत न्हाय म्हण. तुझी पोरगी आत्ता कागलच्या शाळेत बसली आहे, ते आठव. मॅनेजर घड्याळाकडं बघायला लागला. पलीकडचा माणूस पुन्हा ओरडला आणि पावणीचे खांदे वर गेले, मार चुकवताना जातात तसे.

चंदगडीनं टेबलावरचा रुमाल उचलला. डावा हात त्यावर नुसता ठेवला, ओढला नाही. मग ओढून दाखवलं आणि मान हलवली, असं नको. पुन्हा नुसता ठेवला. पावणीनं मशीनवर तसं केलं. खिसा सपाट बसला. तिनं छातीवर हात ठेवून मान वाकवली आणि मॅनेजरनं टाळी वाजवली. त्याला आनंद होणारच. त्याची बदली तिकडंच ठरली होती, वरच्या पगारावर. हेही आम्हाला नंतर कळलं.

संध्याकाळी बस सोडून मी तिच्या खोलीवर गेले. पोरगी कोपऱ्यात अभ्यास करत होती, एका खोलीत ती दुसरीकडं जाणार कुठं? पण मला दम निघाला नाही. म्हटलं, "अगं बये, तुझ्या डोक्यात काय भरलंय? तोंड मिटून बसली असतीस तर काय बिघाडलं असतं?"

ती म्हणाली, "त्यो बाबा तिच्या मानंवर हुबा हुता. काढली असती तिला."

"आणि तुला काढत्यात, त्येचं काय?"

"मला काय तिनं काढलंय व्हय?"

मी आणखी चिडले आणि नको ते बोलले. ती तांदूळ निवडत राहिली. पुढं कितीतरी दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. चंदगडी आणि पावणी, दोघींचं तर भांडणही नव्हतं. दोघींना एकाच भाकरीच्या दोन टोकांना लावून दिलं, आणि लावून देणारा बाजूला घड्याळ बघत उभा राहिला. माझा राग आधी चंदगडीवर होता, मग त्या माणसावर गेला. तो राग तिथं पोचायला इतका वेळ लागला, याचा राग वेगळाच.

पुढच्या महिन्यात लाईन बंद झाली. आम्हा दोघींच्या कागदांवर तोच शब्द. मी घरी ब्लाऊज शिवायला लागले. नवऱ्याचा पगार आहे म्हणून चूल पेटते. चंदगडीनं गोकुळ शिरगावपासून कोल्हापूरपर्यंत सगळीकडं विचारलं. काम होतं, पण त्यावर खोली राहिली नसती. शेवटी कुणीतरी बंगळूरच्या एका कारखान्याचं सांगितलं. कापडाचंच काम, राहायला हॉस्टेल, फक्त मूल आणायचं नाही. आमचे एक शिकलेले नातेवाईक म्हणाले, "हे चांगलंच आहे की, माणसानं कामाच्या मागं जायला हवं." त्यांच्या दोन्ही मुली त्यांच्याच घरात झोपतात. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

पोरीला न्यायला भाऊ चंदगडहून पिकअप घेऊन आला. भला माणूस. "घर तिचंच हाय की," असं दोनदा म्हणाला. स्टोव्ह, पेटी, दोन गाद्या, एवढाच संसार. मी चढवू लागले. आईला दुसऱ्या दिवशी बंगळूरची गाडी होती. पोरगी मामाशेजारी चढून बसली, दार ओढून घेतलं, आणि काचेतून आईला म्हणाली, "त्या दिशी तू सांगितलं नसतंस तर आपण हितंच ऱ्हायलो असतो व्हय?"

मी घाईनं म्हणणार होते की तसं काही नसतं गं. पण चंदगडीला पोरीशी खोटं बोलायची सवय नाही. ती म्हणाली, "ऱ्हायलो बी असतो. कुणाला ठावं? पण तिला बी लेकरू हाय की, बाळा."

"आणि मला आई नको?"

चंदगडीनं दाराला हात लावला. भावानं गाडी चालू केली.