मेव्हिसच्या काडतुसातली तांदळाएवढी तूट

मेव्हिसवर पहिला संशय मीच घेतला, हे आधी कबूल करते.

लंडनला, म्हणजे कॅनडातल्या ऑन्टारिओच्या लंडनला, मी मुलाकडे राहायला आले तेव्हा आमच्या शेजारच्या घरात एक बाई एकटीच राहायची. साठीच्या आसपासची, केस बारीक कापलेले, चाल हवालदारासारखी. रविवारी सकाळी ती एक काळी पेटी गाडीत मागे ठेवायची. पेटीला कुलूप. मग गाडीला कुलूप. मग घरात जाऊन, परत बाहेर येऊन, गाडीचं दार ओढून बघायची. आणि आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तिच्या बेसमेंटमधून आवाज यायचा. खटाक्-खट्, खटाक्-खट्, तास-दोन तास.

मी नंदनला म्हटलं, "ही बाई खाली नोटा छापते."

"आई, तू खिडकीत बसणं बंद कर बघू."

नात चैत्राली फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, शी शूट्स पिस्टल्स. इट्स अ स्पोर्ट."

म्हणजे माझा संशय कमीच पडला होता म्हणायचा.

चार दिवसांनी ती बाई आमच्या दारात उभी. स्वच्छ मराठीत म्हणाली, "मावशी, रोज बाहेरून बघता. एकदा आतून बघून जा." मेव्हिस तुस्कानो, वसईजवळच्या गास गावची. मुंबईत नर्सिंग केलं, एक्क्याऐंशी साली इथे आली आणि सत्तावीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात काढली. शिफ्ट संपली की मॉर्फिनच्या बाटल्या दोन नर्सनी मिळून मोजायच्या, दोघींनी सह्या करायच्या, आणि एक जरी कमी भरली तरी कोणी घरी जायचं नाही. सत्तावीस वर्षं असं काढलेल्या बाईचा जगावर विश्वास कुठून राहणार? मी तिच्याकडे चहाला गेले तरी निघताना ती चमचे डोळ्यांनी मोजायची. मला राग येत नसे. मी तिच्याकडचे पडदे मोजायची.

पिस्तुलाचा नाद तिच्या नवऱ्याचा, पर्सीचा. तो कारखान्यात लेथवर होता. तो नेमबाजीच्या रेंजवर, ही गाडीत स्वेटर विणत. दोन हजार चार साली पर्सी गेला. हिने त्याची पिस्तुलं विकायला काढली. बघायला आलेल्या माणसाने पिस्तूल उचललं आणि बोट सरळ ट्रिगरवर ठेवलं. "अशा माणसाला पर्सीची वस्तू द्यायची?" तिने त्याला चहा न देता घालवला आणि स्वतःच परीक्षांना बसली. आधी लायसन्सची, मग ज्यांना पिस्तूल कमरेला लावून पळायचं असतं त्यांच्यासाठीची वेगळी. तेव्हा वय छप्पन्न. पर्सीच्या पट्ट्याला चार नवी भोकं पाडावी लागली.

एकदा तिने मला मॅचला नेलं. कानाला मोठाली झाकणं, डोळ्याला चष्मा, वर माझी साडी; चैत्रालीने पाहिलं असतं तर ओळख दाखवली नसती. मला वाटलं होतं, एका जागी उभं राहून चकतीवर नेम धरायचा. तसं नाही. शिट्टीसारखा बीप वाजतो, मग कमरेचं पिस्तूल काढायचं, पळायचं, भिंतीआडून वाकून गोळी झाडायची, पुन्हा पळायचं. एका मॅगझिनमध्ये दहाच काडतुसं, इथला कायदाच तसा, म्हणून पळता पळता मॅगझिन बदलायचं. वेळ आणि नेम दोन्ही मोजतात. आणि मागे एक माणूस घड्याळ घेऊन चिकटलेला, सुनेच्या मागे सासू असते तसा. पळताना बोट ट्रिगरवर दिसलं, घरी. नळी मागे वळली, घरी. पिस्तूल हातातून पडलं, घरी. मला हे फार पटलं. विश्वास कोणी कोणावर टाकतच नव्हतं आणि सगळे एकमेकांशी गोड बोलत होते.

काडतुसं मेव्हिस घरी भरायची. तोच तो खटाक्-खट्. झाडलेल्या काडतुसांची पितळी टरफलं गोळा करून आणायची, त्यांत नवी टिकली, मोजून दारू, वर नवी गोळी, आणि मशीनचा दांडा ओढला की झालं. दारू किती, तर सव्वाचार ग्रेन. आमचं अमळनेरला सोनाराचं दुकान होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण गुंजा कळतात मला. सव्वाचार ग्रेन म्हणजे दोन गुंजांहून थोडं जास्त.

आता नियम असा की दारू कमी घालून गोळी हळू करायची नाही. कमी दारूला धक्का कमी बसतो, हात हलत नाही, दुसरी गोळी पटकन जाते. म्हणजे ती लबाडीच. म्हणून मॅचला प्रत्येकाच्या पिशवीतून काडतुसं उचलतात, एक फोडून गोळीचं वजन करतात, बाकीची यंत्रासमोर झाडून वेग मोजतात. वजन आणि वेगाचा गुणाकार करून हजाराने भागायचं. एकशे पंचवीसच्या खाली आकडा आला, की दिवसभर कितीही सुंदर नेम मारा, गुण शून्य.

दोन हजार दहाच्या मे महिन्यात मेव्हिसचा आकडा आला एकशे एकवीस.

तिचा दीर रॉड्नी, पर्सीचा धाकटा भाऊ. गाडीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला, बायको सोडून गेलेली. त्याच्याकडे मेव्हिसच्या बेसमेंटची किल्ली होती, कारण काडतुसं तोही तिथेच भरायचा. त्याच मॅचला त्याचा आकडा एकशे एकोणतीस. मोठ्या मॅचसाठी त्यांच्या क्लबची एकच जागा उरली होती. मेव्हिसचं शून्य झालं आणि ती रॉड्नीला गेली.

घरी येऊन मेव्हिसने पाच काडतुसं फोडली आणि आतली दारू तोलली. चार ग्रेन. पाचही वेळा चार.

"फेब्रुवारीत मी स्वतः सव्वाचार लावलं होतं," ती मला म्हणाली. "तीन संध्याकाळी दोन हजार भरली. मधल्या दिवशी हा येऊन गेला. मशीनवर दारूचा स्क्रू असतो, मावशी. अर्धा आटा फिरवला की काम झालं."

"त्याला विचारलंस?"

"चोराला विचारतात?"

मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू? रॉड्नी फार हसायचा. कारण नसताना हसणाऱ्या माणसाबद्दल माझं मत कधी चांगलं नव्हतं.

मेव्हिसने बेसमेंटचं कुलूप बदललं आणि क्लबच्या कमिटीला पत्र पाठवलं. जुलैच्या शेवटच्या रविवारी मीटिंग ठरली. रॉड्नीला काढलं असतं तर नुसता क्लब गेला नसता. क्लब नसेल तर पिस्तूल रेंजवर न्यायचा परवाना राहत नाही, आणि असलं नाव घेऊन दुसरा क्लब दारात उभं करत नाही. कारखाना, चर्च आणि रेंज एवढंच त्या माणसाचं जग. चर्चमध्येही तो आता मागच्या बाकावर बसायला लागला होता. हसणंही बंद.

मीटिंगच्या आधीच्या गुरुवारी मेव्हिस मला खाली घेऊन गेली. कमिटीसमोर काय दाखवायचं त्याची रंगीत तालीम. बाहेर उकाडा मरणाचा. टेबलावर तिचा काटा: एका बाजूला दांडी, दुसऱ्या बाजूला पितळेचं इवलंसं ताट. काटा बघून मला अगदी माहेरी आल्यासारखं झालं.

तिने हातोडीसारख्या हत्याराने काडतूस आपटून फोडलं, दारू ताटात ओतली.

"बघा. किती?"

"चार."

"लिहून घेते."

ती लिहीत असताना कुठेतरी घर्र झालं. ताट जरासं खाली गेलं. मेव्हिसने वर पाहिलं, दांडीवरचं वजन सरकवत नेलं. दांडी सरळ झाली ती सव्वाचारवर.

"मावशी, टेबलाला हात लावलात."

"नाही गं बाई."

"लावलात. नाहीतर हे कसं होईल?"

घ्या. आता माझी पाळी. मी दोन्ही हात वर करून उभी राहिले, सिनेमातल्या चोरासारखी. आकडा सव्वाचारच. आणि तेवढ्यात माझ्या पदराचं टोक हललं. मी वर बघितलं. टेबलाच्या बरोबर डोक्यावर, छतात, हवेची जाळी. एसी सुरू झाला होता.

"हे टेबल इथे कधीपासून?"

"जानेवारीपासून. आधी त्या भिंतीला होतं. थंडीत बोटं आखडतात, म्हणून इथे आणलं, वरून गरम हवा येते."

आमच्या दुकानात काटा काचेच्या पेटीत असायचा. तोलताना पंखा बंद, गिऱ्हाइकाने बोलायचं नाही. एकदा मी पोळ्यांचा डबा घेऊन आत शिरले तर नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी उंबऱ्यातच श्वास धरून उभी. वारा तोळ्यात बसतो, म्हणायचे ते. माणसापेक्षा वाऱ्यावर त्यांचा संशय जास्त.

मी शेल्फवरचा पुठ्ठ्याचा खोका उचलला आणि आडवा करून ताटावर छत्रीसारखा धरला. दांडी चारवर आली. काढला, सव्वाचार. धरला, चार.

मेव्हिस जवळ आली. माझ्या हातून खोका घेतला आणि स्वतः करून बघितलं. मग एसी बंद करून. मग परत लावून. अकरा वेळा. सत्य बाहेर येत होतं, तर तेही मोजून घेत होती बहुतेक.

"फेब्रुवारीत याच जाळीतून फर्नेसची गरम हवा येत होती," ती शेवटी म्हणाली. "हवा ताटाला दाबत होती. मला सव्वाचार दिसत होते आणि मी चार भरत होते."

"आणि मे महिन्यात फोडलीस तेव्हा फर्नेसही नाही, एसीही नाही."

"काट्याने तेव्हा खरं सांगितलं. मी रॉड्नीचं नाव लावलं त्याला."

"त्याची काडतुसं कशी बरोबर भरली?"

"त्याचा काटा वेगळा आहे. इलेक्ट्रॉनिक. वर झाकणवाला." ती स्टुलावर बसली. "मी हसले होते त्या झाकणाला. म्हटलं, खेळणं आणलंस."

एक तांदूळ. आमच्याकडे गुंजेचा आठवा भाग म्हणजे एक तांदूळ. तेवढीच तूट होती, आणि तेवढ्यासाठी एका माणसाने अडीच महिने मागच्या बाकावर काढले.

मेव्हिसने फोन उचलला. "प्रेसिडेंटला सांगते, पत्र मागे घेते. त्याने फाडून टाकावं."

"पत्र कितीजणांनी वाचलं?"

"बारा."

"आणि फोन कितीजण ऐकणार?"

तिने माझ्याकडे बघितलं, ड्यूटीवरच्या नर्सकडे पेशंटने रडून सुट्टी मागितल्यावर ती बघेल तसं. फोन खाली ठेवला. इतक्या वर्षांत हिने कोणाला सॉरी म्हटल्याचं चर्चमध्येही कोणाला आठवत नव्हतं.

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. लाकडी खोली, टोप्या घातलेले बारा पुरुष, कॉफीचा वास, आणि दाराजवळ रॉड्नी, इस्त्रीचा शर्ट घालून. मेव्हिसने काटा टेबलावर मांडला, माझ्या हातात खोका दिला, आणि कोणीतरी आणलेला टेबलफॅन लावला. ती बोलली तसा मी खोका वर-खाली केला. जादूगाराच्या बाईसारखी दिसत असणार मी. मग ती इंग्रजीत म्हणाली ते मला कळलं तेवढं असं: स्क्रू कोणी फिरवला नाही. चूक माझी. माझ्या दिरावर मी खोटा आळ घेतला, आणि तुम्हा सगळ्यांसमोर घेतला, म्हणून तुम्हा सगळ्यांसमोर सांगते, आय अ‍ॅम सॉरी.

टोप्या हलल्या. एकाने खाकरून पत्र रद्द झाल्याचं वहीत लिहिलं. लिहिलेलं मेव्हिसने वाकून वाचलं.

बाहेर गाडीपाशी रॉड्नी आला. हसला नाही.

"वैनी, एकदा विचारायचं तरी होतं."

मला वाटलं ती आता काहीतरी गोड बोलेल. पण मेव्हिस ती मेव्हिस.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. आणि मी ते खोटं धरलं असतं."

"हं." त्याने जरा विचार केला. "ते खरं आहे."

तो निघून गेला. ऑगस्टभर फिरकला नाही. मोठ्या मॅचलाही तोच गेला. जागा त्याची होती, ती तिने मागितली नाही. मेव्हिसने दोन हजारांतली उरलेली सगळी काडतुसं सरावात झाडून संपवली आणि नवी भरली, टेबल जुन्या भिंतीला नेऊन. स्क्रू मात्र मला दाखवून लावला. एक जण साक्षीला हवाच.

सप्टेंबरच्या मॅचला रॉड्नी आणि ती एकाच गटात आले. हिचा आकडा एकशे सत्तावीस. हिची पाळी झाली तेव्हा निशाणावरची भोकं मोजायचं काम त्याच्याकडे होतं. तो प्रत्येक निशाणापाशी थांबला, मोजलं, दोन पावलं पुढे गेला, परत मागे आला, पुन्हा मोजलं.

"संशय येतो का रे?" मेव्हिसने विचारलं.

"येतो ना," तो म्हणाला आणि आकडा ओरडून सांगितला.

आकडा बरोबर होता. मीही मोजलं होतं.