वाचनाच्या तासाचा तक्ता

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी म्हणतो, आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचे. आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. इथंही तसंच म्हणतो.

आमचं गाव विदर्भातलं, तालुक्याचं. बाबा जिनिंग मिलमध्ये हमाली करत. आई शेतात जाई. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. शाळेत ग्रंथालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट, आणि ते कायम कुलपात. दर वर्षी साठ्याची तपासणी होई आणि एखादं पुस्तक कमी भरलं तर ते ज्याच्या ताब्यात असेल त्याच्या पगारातून कापलं जाई. त्यामुळं ते कपाट ताब्यात घ्यायला कुणी तयार नसे. बाईंनी किल्ली आपण होऊन मागून घेतली.

आमच्या घरांमध्ये अभ्यासाशिवाय काही वाचणं म्हणजे टवाळकी समजली जाई. बाईंना ते ठाऊक होतं. म्हणून त्या गोष्टीच्या पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालत आणि वर सुवाच्य अक्षरात 'नागरिकशास्त्र' असं लिहीत. आठवीच्या वर्षात मी असली अकरा-बारा नागरिकशास्त्रं वाचली. बाबांना वाचता येत नव्हतं, पण पुस्तकाचा खाकी रंग कळायचा. एकदा शेजारचे काका ओसरीवर येऊन म्हणाले, "काय वाचते रे हा सारखा?"

बाबा अभिमानानं म्हणाले, "नागरिकशास्त्र हाय ते. पोट्टा वकील होते, पाय तू."

पुस्तक परत करताना बाई काही विचारत नसत. आवडलं का, काय शिकलास, बोध काय घेतलास, काही नाही. घेत, माझ्या तोंडाकडं एकदा बघत आणि दुसरं काढून देत. मला ते अपुरं वाटायचं. मी एकदा भर वर्गात धीर करून म्हणालो, "बाई, याचा सारांश लिहून आणू?"

"कशाला?" बाई म्हणाल्या. "मी वाचलंय ते."

वर्ग हसला होता. मीही हसलो होतो. त्या उत्तरात काय होतं हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि जे कळलं ते एका मुलीचं नुकसान करून कळलं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

दहावीचा निकाल लागला तेव्हा शाळेच्या भिंतीवर यादी लागली. माझं नाव सर्वांत वर होतं. बाबा मिलमधून तसेच आले, अंगावर सरकीचा कापूस घेऊन. "कुठं हाय?" म्हणाले. मी त्यांचं बोट धरून माझ्या नावावर ठेवलं. लोक येत होते, जात होते, पण त्यांनी बोट बराच वेळ काढलं नाही. त्या यादीमुळं मला वसतिगृह मिळालं, मग शिष्यवृत्ती, मग पुण्यात इंजिनिअरिंग. बाहेर पडलो तेव्हा सॉफ्टवेअरच्या कंपन्या नुकत्या पुण्याला येऊ लागल्या होत्या. माझ्या वर्गातली निम्मी मुलं मुलाखती देता देताच नोकरीला लागली. मीही लागलो. भिंतीवरच्या यादीनं माझं भलं केलं होतं, त्यामुळं यादीनं कुणाचं वाईट होऊ शकतं हे माझ्या मनातच आलं नाही.

पुढं ऑफिस खराडीला गेलं, घर वारज्याला झालं. शनिवार-रविवार सुट्टी असे आणि ती कशी घालवावी हे मला कधीच नीट जमलं नाही. कंपनीनं सामाजिक कामासाठी नावं मागवली तेव्हा मी लगेच दिलं. मार्केट यार्डाजवळच्या एका शाळेत शनिवारी सकाळी आठवीच्या वर्गाला वाचनाचा तास घ्यायचा, असं ठरलं. मुलं यार्डात काम करणाऱ्यांची. कुणाचे वडील पोती वाहत, कुणाची आई कांदा-बटाटा निवडी. कंपनीनं दोनशे पुस्तकं दिली, नवीकोरी.

शाळेच्या मोठ्या बाई पक्क्या पुणेरी. पहिल्या दिवशी कंपनीचा फोटोग्राफर बघून मला म्हणाल्या, "अहो, मुलांना उद्यापासून आंघोळी करून यायला सांगू, की तुमच्या फोटोला असेच चालतील?"

पहिले तीन महिने फार सुखाचे गेले. मी पुस्तकं बाकांवर नुसती पसरून ठेवायचो. मुलं चाळायची, भांडायची, एकमेकांच्या हातातून ओढायची. शेवटच्या घंटेनंतरही चार-पाच जण बाकाला चिकटून असायचे. मी गावाकडच्या बाईंना तेव्हा पत्र लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. गाव सुटून अकरा वर्षं झाली होती, आणि त्यातल्या शेवटच्या नऊ वर्षांत मी त्यांना एक ओळही लिहिलेली नव्हती.

मग कंपनीकडून विचारणा आली. किती मुलं, किती पुस्तकं, प्रगती काय. विचारणारी माझ्याच मजल्यावर बसायची, चांगली मुलगी होती. "अरे, नुसतं 'मुलं वाचतात' असं कसं लिहू? काहीतरी दिसायला पाहिजे ना," ती म्हणाली. तिनं माझ्यावर जबरदस्ती केली नाही. तक्ता ही माझीच कल्पना. खरं सांगायचं तर मी ती उत्साहानं मांडली.

मोठा पुठ्ठा आणला. डावीकडं बेचाळीस नावं लिहिली. पुस्तक वाचून पाच ओळींचा सारांश दिला की नावापुढं एक चांदणी चिकटवायची. वर्षाअखेर सर्वांत जास्त चांदण्या असणाऱ्याला प्रमाणपत्र. मुलांना ते भलतंच आवडलं. दुसऱ्याच शनिवारी पुस्तकं दुप्पट वेगानं फिरू लागली आणि मी खूश झालो. जाड पुस्तकं खाली पडून राहू लागली, सर्वांच्या हातात बारकी बारकी पुस्तकं दिसू लागली, हे मला दिसत होतं. पण चांदण्या वाढत होत्या.

एक मुलगी मात्र पहिल्या महिन्यात घेतलेलं पुस्तक अजून घेऊनच होती. समुद्रावर भरकटलेल्या एका कुटुंबाची गोष्ट होती ती, चारशेच्या वर पानांची. तिची आई यार्डात कांदा निवडायची. ही शाळा सुटल्यावर आईकडं जाई आणि तिथं पोत्यांच्या थप्पीवर बसून वाची. पुस्तकाला कांद्याचा वास लागला होता, पानांत पातळ लाल सालं सापडत. ती पुढं वाची आणि मग मागं येऊन आवडलेला भाग पुन्हा वाची. एकदा मला म्हणाली, "सर, त्यांचं पाणी संपलं तेव्हा मी यार्डातल्या नळावर जाऊन आधी पाणी प्यायले." मी हसलो. त्या वाक्यासाठी मी तिला तेव्हाच काहीतरी द्यायला हवं होतं. पण पाच ओळींचा सारांश नव्हता, त्यामुळं चांदणी नव्हती. तिच्या नावापुढची रांग पूर्ण कोरी होती.

मुलं तिला चिडवायची. "ए, तुझं जहाज अजून बुडलं नाही का?" "सर, हिला वरच्या वर्गात पुस्तकासकट पाठवा." ती पुस्तक छातीशी धरून बसायची.

एका शनिवारी कंपनीतले दोघे साहेब पाहायला येणार होते. मला तो कोरा पट्टा भिंतीवर नको होता. पुण्यात राहून इथल्या लोकांसारखं तिरकं बोलायची मलाही सवय लागली होती आणि त्याचा थोडा अभिमानही वाटायचा. मी वर्गात सर्वांसमोर म्हणालो, "काय हो ताई, पुस्तक वाचायला नेलंयत की राहायला?"

वर्ग हसून हसून लोळला. तीही हसली. ती हसली म्हणून मला वाटलं, काही बिघडलं नाही.

पुढच्या शनिवारी तिनं पुस्तक परत आणलं. पाच ओळी नीट लिहिलेल्या होत्या. मी चांदणी लावली, "शाब्बास" म्हणालो. त्या दिवशी तिनं तीन बारकी पुस्तकं नेली आणि पुढच्या शनिवारी तिन्ही आणली. मग चार. मग पाच. दिवाळीनंतर ती तक्त्यावर वर चढू लागली आणि वर्ष संपताना सर्वांत वर होती. कंपनीच्या साहेबांनी तिला प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. तिच्या आईला मुद्दाम बोलावलं होतं. आईनं कामावरच्याच साडीचा पदर नीट केला आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरलो. माझे डोळे भरून आले होते, कारण मला बाबांचं बोट आठवत होतं.

जूनमध्ये नवा वर्ग आला. कपाट लावताना ते समुद्राचं पुस्तक हाताला लागलं. मी सहज उघडलं. पुस्तक बांधताना शेवटची काही पानं कापायची राहून गेली होती, वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. नव्या पुस्तकांत असं कधी कधी होतं. वाचायचं तर पट्टीनं किंवा सुरीनं ती फाडावी लागतात. ती पानं तशीच बंद होती. शेवटची साठेक पानं कुणी उघडलीच नव्हती. ते कुटुंब किनाऱ्याला लागलं की नाही, हे तिनं वाचलं नव्हतं. तिच्या पाच ओळी मी काढून बघितल्या. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर जे छापलं होतं, त्याचीच ती नक्कल होती. बाकीच्या पुस्तकांचंही तसंच. आणि तिच्या एकटीचं नाही, निम्म्या वर्गाचं.

मी ते पुस्तक कपाटात न ठेवता माझ्या पिशवीत टाकलं.

पुढच्या शनिवारी मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात गाठलं. ती आता नववीत होती. पुस्तक दाखवून म्हणालो, "हे तू पूर्ण वाचलं नव्हतंस."

"नाही सर." ती घाबरली. तिला वाटलं, मी प्रमाणपत्र परत मागायला आलोय.

"मग परत का दिलंस?"

तिनं माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. "तुम्हीच म्हणालात ना सर."

"आता ने. हवे तितके दिवस ठेव. काही लिहायचं नाही."

तिनं पुस्तक हातात घेतलं, मधलं एक पान उघडलं, थोडा वेळ वाचलं. मला वाटलं, नेणार. पण तिनं ते मिटून माझ्याकडं दिलं.

"नको सर. नववीला क्लास असतो." मग म्हणाली, "आणि आता वाचायला बसलं ना, की सारखं मोजलं जातं. किती पानं झाली, किती राहिली. आधी नव्हतं होत तसं."

त्याच दिवशी मी तक्ता भिंतीवरून काढला. मोठ्या बाई जाता जाता थांबल्या. "काढलात? बरं झालं. आम्हाला वेळापत्रक लावायला भिंत शिल्लक नव्हती." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्या खोलीत आल्या आणि पुठ्ठ्याचं एक टोक त्यांनी धरलं.

कंपनीला मी त्या वर्षी आकडे पाठवले नाहीत. एका माणसाला मात्र सगळं सांगायला हवं होतं. गावी चुलतभावाला फोन करून चौकशी केली. बाई निवृत्त झाल्या होत्या, हात कापतो म्हणून लिहिणं सुटलं होतं, नजरही गेली होती. आलेली पत्रं सून वाचून दाखवते, असं कळलं. हे पत्र मी त्यांना धाडलं.

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार. मी तुमचा विद्यार्थी, जिनिंग मिलच्या मागच्या वस्तीतला. इतकी वर्षं पत्र लिहिलं नाही, याला कारण नाही. नोकरी, घर, एवढंच. सूनबाई हे वाचून दाखवतील. त्यांना सावकाश वाचायला सांगा, मोठं आहे.

मी इथं एका शाळेत शनिवारी मुलांना वाचायला शिकवतो, असं सर्वांना सांगत होतो. आता सांगवत नाही. एक मुलगी होती, तिला वाचायला येत होतं. तुम्ही ज्याला वाचणं म्हणायचात तसं येत होतं. मी तिला मोजायला लावलं आणि सर्वांसमोर तिची चेष्टा केली. तिनं वाचणं सोडलं आणि पहिला नंबर काढला. मी मुद्दाम वाईट केलं नाही, पण केलं मीच.

गेल्या आठवड्यात तिच्याकडं जाऊन मी माफी मागितली. ती यार्डात आईला मदत करत होती. ती म्हणाली, "राहू द्या ना सर. माझा पहिला नंबर आला, आई किती खूश झाली." बाई, ती माझी समजूत घालत होती. चौदा वर्षांची पोर.

वाचनाचा तास चालू आहे. आता मी काही विचारत नाही, काही लिहून घेत नाही. नवी मुलं वाचतात, काही नुसती चित्रं बघतात, एक जण झोपतो. ती मुलगी शनिवारी आमच्या वर्गावरून जाते. दार उघडं असतं. ती आत बघते, मला हात करते आणि पुढं जाते. मला तिला हाक मारावीशी वाटते, पण हाक मारली तर सर बोलावतात म्हणून येईल, आणि तसं तिनं यायला नको.

तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, हे मला तिचं वाचन सुटल्यावर कळलं. आधीच कळलं असतं तर तिचं एवढं नुकसान झालं नसतं. तिच्यासाठी आता काय करावं, मला समजत नाही. तुम्हाला काही सुचलं तर सूनबाईंकडून दोन ओळी लिहून पाठवा. सुचलं नाही तर तेही कळवा, म्हणजे मी वाट बघणार नाही.

प्रकृतीला जपा.

तुमचा विद्यार्थी