क तुकडीला कम्पुटर

"बाई, ही मशीनं रोज तुमीच पुसत जा. तुमाला झाडण्यापुसण्याची सवय आसंल."

सेक्रेटरी असं म्हणाले आणि त्यांनी एक पिवळं फडकं माझ्यापुढं टेबलावर टाकलं. शिक्षकांची सभा होती. दोघंतिघं हसले. बाकीचे खाली बघत राहिले. हेडमास्तर कागद चाळत बसले. मी फडकं उचललं, उठले, कम्पुटरच्या खोलीत गेले आणि दोन्ही मशीनं पुसली. काच पुसली. एकेक बटण पुसलं. मागची वायर पुसली.

मला राग आला नाही. रडू आलं नाही. लोक आता विचारतात, तेव्हा काय वाटलं? काही वाटलं नाही. हात पुसत होते, एवढंच.

त्या शाळेत ती मशीनं चालवता येणारी मी एकटी होते. हे त्या सभेतल्या सगळ्यांना माहीत होतं.

गाव येरमाळ्यापासून एसटीनं पाऊण तास आत. शाळा संस्थेची. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन. सेक्रेटरी त्यांचे मेहुणे. मी गणिताची बाई. आम्ही बौद्ध. आजोबांनी घरातले देव कधीच बाहेर काढले होते, पण गावाच्या तोंडातलं आमचं जुनं नाव काही निघालं नव्हतं. शाळेत ते कुणी उच्चारत नव्हतं. स्टाफरूममध्ये माठ होता. मी त्याला कधी हात लावला नाही. घरून पाण्याचा तांब्या न्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला सांगावं लागू नये म्हणून मीच नेत होते.

बहात्तरच्या दुष्काळात मी सहावीत होते. आई नालाबंडिंगच्या कामावर, नाल्यांना बांध घालायला, मी तिच्या मागं. तिथं सुकडी मिळायची, सरकारी पिठाचा कोरडा खाऊ, ती खाऊन दिवस काढले. वर्ष बुडालं. पुढं शिकले, बी.एड. झाले, नोकरी लागली. वाटलं, संपलं आता.

पंच्याऐंशीच्या पुढची ही गोष्ट. सरकारच्या एका योजनेत आमच्या शाळेला दोन कम्पुटर मंजूर झाले. त्याच्या ट्रेनिंगला उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे पुण्याला जायचं होतं. सायन्सचे सर चेअरमनच्या नात्यातले, पहिला मान त्यांचा. पण लग्नसराई होती. ते म्हणाले, "बाईंना पाठवा. त्यांना कुठं कामं आहेत."

मी गेले.

ट्रेनिंगला एक वयस्क बाई शिकवायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मशीन सगळ्यांना एकच आहे. पण प्रोग्रामही सगळ्यांना एकच दिलात, तर निम्मा वर्ग बाहेर राहील. मूल कुठं अडतंय ते आधी बघा. मग निवडा." मी ते वहीत लिहून घेतलं. तिथं आम्हाला पुष्कळ प्रोग्राम चालवून दाखवले. काळ्या चौकोनी फ्लॉपीत ते असायचे. प्रत्येक शाळेनं त्यातले दहा निवडून यादी पाठवायची होती.

शाळा उघडल्यावर मी महिनाभर नुसती बघत होते. कोण कसं शिकतं. अ तुकडीत बागायतदारांची, कारखान्यात नोकरीला असणाऱ्यांची पोरं. त्यांना इंग्रजी येत होतं, पण विचार करायची सवय नव्हती. उत्तर पाठ करायची. क तुकडीत उरलेली सगळी. नापास झालेली. आईबापाबरोबर ऊसतोडीला जाऊन चार महिन्यांनी परतलेली. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून आलेली. एकेचाळीस पोरं. इस्माईल नावाचा एक होता, त्याला कमी ऐकू यायचं. फळ्यावर चित्र काढलं की लगेच कळायचं. एकाला इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हतं, पण तोंडी हिशेबात तो मला गाठायचा. आणि सुमन. दोन वर्षं खडीवर गेली होती. वाचताना अडखळायची. पण खडीचा ढीग बघून त्यात किती घमेली भरतील ते सांगायची, आणि तितकीच भरायची.

मी त्यांच्यासाठी असे प्रोग्राम निवडले, ज्यात इंग्रजी जवळजवळ नव्हतं. एकात पडद्यावर क्षणभर ठिपके दिसायचे आणि जायचे. किती होते ते अंदाजानं सांगायचं. एकात तराजू होता. दोन्ही पारडी सारखी करायची. उत्तर चुकलं तर मशीन ओरडायचं नाही, पुन्हा करू द्यायचं. अ तुकडीला मी कोडी निवडली. पाठ करून सुटणार नाहीत अशी.

हेडमास्तरांनी यादी वाचली. "मेहनत घेतलीत, बाई," म्हणाले. "पण सेक्रेटरीसाहेब म्हणतात, स्कॉलरशिपला बसणाऱ्या पोरांपुरतं बघा. क तुकडीला काय करायचंय कम्पुटर?"

त्यांनी केलेली दुसरी यादी गेली. दहाच्या दहा इंग्रजी शब्दांचे आणि झटपट बेरजांचे. खाली सही माझी.

सही करताना मी म्हणाले, "बरं, सर."

मग उद्घाटन झालं. नारळ फोडला. आणि त्यानंतरची ती सभा, ज्यात मला फडकं मिळालं.

चार महिने मी पुसत होते. सकाळी पुसायची, अ तुकडीचा तास घ्यायची, कापडानं मशीनं झाकायची, कुलूप लावायची. घरी जाऊन भाकरी थापायची. झोप लागायची. आपलं काही चुकतंय, असंही वाटत नव्हतं.

एका शनिवारी हेडमास्तर म्हणाले, "क तुकडीलाही एकदा दाखवून आणा. कागदावर यायला पाहिजे." त्यांनी शिपायाकडून खोलीत खडूची रेषा मारून घेतली. पोरांनी रेषेच्या अलीकडं उभं राहायचं. मशीनला हात लावायचा नाही.

एकेचाळीस पोरं चपला काढून आत आली. ज्यांना होत्या त्यांनी. मी सांगितलं, "हात मागं बांधा. रेषेच्या पुढं यायचं नाही."

हे मी सांगितलं. सेक्रेटरींनी नाही, हेडमास्तरांनी नाही. माझ्या तोंडानं.

पोरांनी हात मागं बांधले. सुमननं बांधले नाहीत.

"बाई, आमी निस्तं बघायचं व्हय?"

"व्हय."

"अ तुकडीची पोरं तर बसत्यात."

तिनं दोन्ही हात पुढं केले. तळवे वर. बोटं चिरलेली, नखं तुटलेली, पण स्वच्छ. अजून ओली.

"धुऊन आलोय, बाई. समदे हापशावर जाऊन धुऊन आलोय."

त्या वर्षी पाऊस नव्हता. हापशाला कळशीभर पाणी यायला अर्धा तास लागत होता. एकेचाळीस पोरांनी तिथं रांग लावून हात धुतले होते. मी विचारलं, "कुणी सांगितलं हात धुवायला?"

"कुणी न्हाय," सुमन म्हणाली. "म्हनलं, कुणी बोलाय नको."

मला माझा तांब्या दिसला. इतकी वर्षं घरून नेलेला. मीही कुणी सांगायची वाट बघितली नव्हती. आणि आता माझ्यासमोर एकेचाळीस पोरं तेच शिकून उभी होती. हे मात्र त्यांना नीट शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांत मीही होते.

आत काही पेटलं वगैरे नाही. फक्त कळलं. थंडपणे कळलं.

ट्रेनिंगला मिळालेली नमुन्याची फ्लॉपी कपाटात होती. ठिपक्यांची. मी ती मशीनमध्ये घातली. खुर्ची ओढली. म्हणाले, "सुमन, बस."

ती बसली. ठिपके आले, गेले.

"तिसाला दोन कमी," ती म्हणाली. आकडा कुठं दाबायचा ते मी दाखवलं. अठ्ठावीस. बरोबर.

पुन्हा आले. गेले. "पन्नास. न्हाय, बावन्न." बरोबर.

पोरं रेषा ओलांडून पुढं आली. मी अडवलं नाही. इस्माईल पडद्याला नाक लावून उभा. कुणी तरी मोठ्यानं हसलं. त्या खोलीत चार महिन्यांत कुणी हसलं नव्हतं.

दारात सेक्रेटरी.

"हिला कोणी बसवलं?"

"मी."

"उठवा."

सुमन उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिचं गणित चाललंय. संपू द्या."

"बाई, पायरी वळखून ऱ्हावा."

"संपू द्या," मी पुन्हा म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवावा असं वाटलंच नाही.

ते भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. पडदा काळा झाला. सुमन खुर्चीतच बसून होती. तिला कुणी उठवलं नाही. ते निघून गेले.

सोमवारी हेडमास्तरांनी टाइप केलेला कागद पुढं केला. 'क तुकडीतील विद्यार्थी मंदबुद्धी असून संगणक शिक्षणास अपात्र आहेत.' खाली माझं नाव. सहीला जागा.

"करा सही," ते म्हणाले. "शनिवारचं प्रकरण इथंच मिटेल. मी साहेबांना सांगतो."

मी कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर एकेचाळीस नावं लिहिली. प्रत्येकापुढं लिहिलं, हे मूल कुठं अडतं आणि त्याला कोणता प्रोग्राम द्यावा. तास गेला. हेडमास्तर समोर बसून होते. शेवटी सही केली. त्या बाजूला.

"बाई, नोकरी संस्थेची आहे."

"माहीत आहे, सर."

कम्पुटर माझ्याकडून काढून सायन्सच्या सरांकडं दिले. त्यांना ते चालवता येत नव्हते. महिन्याभरात खोलीला कुलूप लागलं. माझे अ आणि ब तुकडीचे तास काढले. क तुकडी व्हरांड्यात बसवली. फाल्गुनात सुमनचे आईबाप पुन्हा खडीच्या कामावर गेले आणि तीही गेली. मी दोनदा त्या कामावर जाऊन आले. बापाशी बोलले. तो म्हणाला, "बाई, तुमचं खरंय." पोरगी काही आली नाही.

राजीनामा दे म्हणून निरोप आले. तो मी देणार नाही. त्यांना तेच पाहिजे आहे. बदली करायची तर करा, व्हरांड्यातून झाडाखाली काढा, तिथंही फळा टेकवता येतो. माझ्या वर्गातलं मूल मंद आहे असं माझ्या हातून लिहून मिळणार नाही. ह्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. ज्याला म्हणायचं असेल त्यानं वर्गात यावं आणि त्या पोरांसमोर, माझ्यासमोर, तोंडानं म्हणावं. मी तिथंच आहे.