शेवटचा शब्द कोणाचा

भिवंडीला जायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. चिंचपोकळीत रुळांना लागून आमचं मिठाईचे खोके बनवायचं वर्कशॉप आहे. गल्ली अशी, की मोठा टेम्पो आत येतच नाही. दिवाळीची मोठी ऑर्डर घ्यायची तर भिवंडीचा गाळा हवा, नाहीतर गिऱ्हाईक हातचं जाणार. सासरे मालवणहून आले आणि त्यांनी हा धंदा उभा केला. ते गेले आणि तो माझ्या गळ्यात पडला. मी गिरगावातली, तोंडाने फटकळ. बावळटपणा मला खपत नाही.

कामगारांना विचारलं तर सगळे म्हणाले, "व्हय वहिनी, जाऊया." आणि कोणी काडी हलवली नाही. मशीन सोडवायला सांगितलं की पाना सापडायचा नाही. बांधलेलं सामान दुसऱ्या सकाळी पुन्हा जागच्या जागी दिसायचं, आणि कोणी सोडलं विचारलं तर कोणालाच ठाऊक नसायचं. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

शेवटी सल्लागार बोलावली. परळच्या काचेच्या इमारतीतली तरणी पोरगी. तिने फळ्यावर चार चौकोन काढले: आपण कशासाठी आहोत, कुठे जायचंय, कोणी काय करायचं, शेवटचा शब्द कोणाचा. चारही उत्तरं एका रेषेत आली की झाली अलाइनमेंट. "मॅडम, तुमचे लोक आळशी नाहीत, अलाइन नाहीत," ती म्हणाली. म्हटलं, बाई गं, कर काय ते.

पहिले तीन चौकोन पटापट भरले. 'कुठे'मध्ये सगळ्यांनी भिवंडीच सांगितलं. चौथ्याला मात्र कोणी तोंड उघडेना. मग तिने खेळ काढला. ज्याचा शब्द आपण शेवटचा मानतो, त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, न बोलता. मी मुद्दाम दारापाशी, सगळ्यांना दिसेन अशी थांबले. मनात म्हटलं, बघूया आता कोण येत नाही ते!

कोणीच आलं नाही. आमचे जुने मेस्त्री उठून चालू लागले आणि बाकीचे त्यांच्यामागून. कटिंग मशीनच्या बाजूला, खिडकीखाली, सगळे गोल करून थांबले. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडलेली. कोणी कोणाला खूण केली नाही, कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना किंचित वर होत्या, कारण सासरे उंच होते. भर दुपारी माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"तिथे कोण असायचं?" पोरीने विचारलं.

"बाबा आसत," मेस्त्री म्हणाले. होते नाही, आहेत.

मला आधी भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून राग आला. गेलेल्या माणसाने माझा धंदा चालवायचा? तरातरा गेले, दोघांना बाजूला सारलं आणि त्या जागेत जाऊन उभी राहिले. संपवा म्हटलं एकदाचा हा तमाशा. पण माना खाली आल्या नाहीत. सगळे माझ्या डोक्याच्या वीतभर वर बघत राहिले.

मेस्त्रींनी हात जोडले. "बाबा, भिवंडीक जावचा काय?"

मी हो म्हणायलाच तोंड उघडलं. सगळी कारणं जिभेवर तयार होती. आणि मी म्हणाले, "खंय जावचा नाय. मशीन चालू करा."

मला मालवणी कळते. लग्नाला इतकी वर्षं झाली, कळणारच. पण बोललेली कधीच नाही. सासूबाई चिडवून थकल्या, तरी नाही.

"बरां," म्हणत माणसं कामाला लागली. मी मशीनला धरून उभी राहिले. पोरीने फळ्यावरचं भिवंडी पुसून 'इथेच' लिहिलं, चारही चौकोनांतून एक रेघ ओढली आणि म्हणाली, "परफेक्ट, मॅडम! इतकी फास्ट अलाइनमेंट मी कुठेच नाही बघितली."

दुसऱ्या दिवशी भिवंडीच्या गाळेवाल्याला फोन करून नको म्हणून कळवलं. ऑर्डर जाणार हे मला माहीत होतं. तो म्हणाला, "मॅडम, घाई करू नका. घरातल्या मोठ्या माणसाला एकदा विचारून सांगा." असं कोणी म्हटलं की एरवी मी त्याला फाडून खाते.

"विचारलंय," मी म्हटलं.