आत्मारामच्या भिंती

राई गावात बापाच्या शेतावर टॉवर उभा राहिला आणि जमिनीच्या बदल्यात आत्मारामला त्यात फ्लॅट मिळाला.

विम्याचा एजंट म्हणाला, "काका, भिंतींचा विमा सोसायटीने काढलाय. तुम्ही आतल्या सामानाचा काढा."

बायकोने, शांतीने, शिलाई मशीनकडे पाहिलं. तिच्या शिवणावरच घर चालायचं.

आत्माराम तिच्यावरच खेकसला, "तुझ्या भंगाराचा विमा काढू? भिंती माझ्या बापाच्या जमिनीवर हायत." आणि त्याने पुन्हा भिंतींचाच विमा काढला.

शॉर्टसर्किट झालं, आतलं सगळं जळालं. सोसायटीच्या विम्यातून भिंतींना नवं प्लास्टर लागलं. आत्मारामच्या विम्याला भरून द्यायला काही उरलंच नाही.

आता आल्यागेल्याला तो भिंतीवर हात फिरवायला लावतो. चहाचं विचारत नाही. शांती तेव्हा त्याच टॉवरमध्ये लोकांची भांडी घासत असते.