लेकीची शपथ

डोंगरमाथ्यावरच्या त्या किल्ल्यात राणी कधी राहिली होती की नाही, देव जाणे. पण तिथल्या गाइडला विचाराल तर तो तिच्या केसांची लांबीसुद्धा सांगेल! थापा मारण्यात त्याचा हात कुणी धरू शकणार नाही. लोकांना बुरुजाच्या सज्जात उभं करायचं, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, "इथूनच राणीनं उडी घेतली, तान्ही लेक पाळण्यात टाकून." कुणी हसलं की गळ्याला चिमटा घेऊन, "खोटं असेल तर माझ्या लेकीची शपथ!" मग काय बिशाद कुणाची हसायची.

त्याची बायको किल्ल्यातल्या पाहुण्यांच्या खोल्यांच्या चादरी धुवायची आणि त्याच सज्जात वाळत घालायची. वारा तिथे भरपूर. कठडा कुजलाय, हे तिनं किल्ल्याचा कारभार बघणाऱ्या साहेबांच्या कानावर घातलं होतं. एकदा नाही, ऊठसूट. साहेब म्हणायचे, "बघू." एका सकाळी ओली चादर झटकताना ती कठड्याला टेकली आणि कठड्यासकट खाली गेली. पोर तेव्हा घरी पाळण्यात होती.

आठवडाभरात नवा कठडा बसला, चांगला लोखंडी. बाई मेल्यावर बसला, मेला! साहेबांनी गाइडला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "कठड्याचं बोललास तर किल्ला बंद पडेल, तुझ्यासकट सगळे घरी बसतील. त्यापेक्षा म्हण, राणीनं हाक मारली."

पदरात तान्हं पोर. त्यानं मान डोलावली. तेव्हापासून गोष्टीला शेपूट फुटलं: राणी अधूनमधून एखादीला बोलावते, मागे एक धुणेवाली अशीच गेली, तीही पोर टाकून, लेकीची शपथ! लोकांच्या अंगावर काटा यायचा. सुरुवातीला त्याच्याही यायचा. पुढे सवय झाली, जिभेला कुठे हाड असतं.

लेक मोठी झाली. वर्गातल्या पोरी सहलीला किल्ल्यावर जाऊन आल्या आणि ऐकलेली गोष्ट त्यांनी तिला गळ्याला चिमटा घेऊन, शपथेसकट ऐकवली. तिनं बापाला काही विचारलं नाही. आईचा फोटो तेवढा भिंतीवरून काढून ट्रंकेत उपडा ठेवला. त्यानं ते पाहिलं आणि तो कामावर निघून गेला.

नोकरी लागून ती परगावी निघाली, तेव्हा फोटो ट्रंकेतच राहिला.

"हा नेत नाहीस?"

"जी मला टाकून गेली, तिला मी कशाला सांभाळत फिरू?"

तेव्हा मात्र त्याला राहवेना. कठडा, चादर, साहेब, तो चहा, सगळं त्यानं सांगून टाकलं. आवाज आपोआप खाली आला. "तिनं उडी नाही मारली गं. तू भुकेनं रडशील म्हणून लवकर उरकत होती."

लेक थबकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पटलं बहुतेक, असं त्याला वाटलं, आणि घाईघाईनं त्याचा हात गळ्याशी गेला.

"खोटं असेल तर माझ्या लेकीची शपथ!"

लेकीनं त्या हाताकडे पाहिलं, डोळे पुसले.

"बाबा, ही गोष्ट पण छान जमलीय," ती म्हणाली आणि तिनं बॅग उचलली.