फोटो काढला नाही, दिला

नोकरीतली बरीच प्रकरणं मी पोलीस ठाण्यातच सोडून आलो. हे एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं.

तेव्हा मी मुरबाड तालुक्यात होतो. खबऱ्याने टीप दिली, की सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यांवर एक जण मोटारसायकलवरून कॅन्सरचं ‘नॅनो औषध’ विकतो. त्यातले बारीक कण अंगातली गाठ शोधतात, फोटोत ती चमकवून दाखवतात आणि औषध नेमकं तिथंच सोडतात, असं तो सांगे. मी एका सरकारी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “असं संशोधन खरंच चालू आहे साहेब. पण मोठ्या रुग्णालयांत, मोटारसायकलवर नाही.”

आम्ही त्याला आटगावजवळ धरलं. बाटल्या जप्त केल्या. तपासणीत रंगवलेलं मिठाचं पाणी निघालं. पण गडी पक्का. “टॉनिक आहे साहेब. कॅन्सरचं नावसुद्धा काढलं नाही मी.” पाड्यांवरचे लोक गाठीचे फोटो आहेत म्हणत; त्यांबद्दल तर त्याने कानांवर हात ठेवले. मी हट्टाला पेटलो. फोटो आहेत म्हणजे एक्स-रे मशीन कुठंतरी असणारच. आठ दिवस थेट शहापूरपर्यंतचे गाळे पालथे घातले. मशीन मिळेना.

शेवटी एका म्हातारीचा जबाब घ्यायला पाड्यावर गेलो. छातीत गाठ, घरात एकटीच. विचारलं, “मावशी, फोटो कुठं नेऊन काढला?”

“काढला नाय साहेब, दिला. पिशवीतनं काढून दिला.”

मी कपाळावर हात मारून घेतला. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. आणखी दोन घरांतले फोटो मागवले. तिन्ही एकाच छातीचे! ते समोर ठेवताच त्या विक्रेत्याने सगळं कबूल केलं.

जबाबावर अंगठा देताना मावशी म्हणाली, “मना वाटायचाच, खोटा असंल. पन दर गुरुवारी यायचा. बसायचा, चा प्यायचा, ‘बरी हायेस ना गो?’ इचारायचा. आता कोन येनार?”

“मी येईन,” मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी तिला मुंबईला पाठवलं, पण तोवर गाठ पसरली होती. दोन महिन्यांनी ती गेली. मी तिला भेटायला एकदाही गेलो नाही. बंदोबस्त होते, तपास होते. खरं सांगायचं तर मी सवड काढली नाही. याची लाज वाटते.

त्याला शिक्षा झाली, मला शाबासकी मिळाली. तो काय विकत होता एवढंच मी शोधलं. ती त्याच्याकडून काय घेत होती, ते मला फार उशिरा कळलं.

पत्नी गेल्यापासून मी शहापुरात एकटाच राहतो. हल्ली गॅस सिलिंडरवाला आला, तरी त्याला चहासाठी थांबवून घेतो.